पीयूसीच्या कागदावर काय असतं, काय नसतं

आमच्या भागातल्या पेट्रोल पंपाशेजारी, झाडाच्या सावलीत, एक जुनी पांढरी व्हॅन उभी असते. मागचं दार उघडं, आत लॅपटॉप, प्रिंटर आणि एक करडा खोका. खोक्यातून निघालेल्या रबरी नळीच्या टोकाला धातूची सळई. तिथला मुलगा ती सळई माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये सरकवतो आणि दर वेळी तेच सांगतो, "काकू, गाडी चालू ठेवा, रेस देऊ नका." थोड्या वेळात आकडे स्थिर होतात, तो नंबरप्लेटचा फोटो काढतो, पन्नास रुपये घेतो आणि पीयूसीचा, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचा, कागद हातात देतो. इतकी वर्षं मी तो कागद घडी करून डिकीत टाकत आले.

गेल्या वेळी मात्र तिथेच उभी राहून वाचला. कार्बन मोनॉक्साइड: मर्यादा ३.५ टक्के, माझ्या गाडीचं ३.१. हायड्रोकार्बन: मर्यादा ४५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४५०० भाग, माझं १९००. खाली 'पास'. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के म्हणजे काय हे मला तरी कळायला हवं होतं. बंद खोलीतल्या हवेत हा वायू इतका असेल तर माणूस काही मिनिटांत दगावतो. सायलेन्सरच्या तोंडाशी तो असतो आणि लगेच मोकळ्या हवेत पातळ होतो, म्हणून आपण वाचतो. पण सिग्नलला दीडशे दुचाक्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात तेव्हा पुढच्याचा सायलेन्सर आपल्या गुडघ्याशी असतो, आणि मुलांच्या तर नाकाशी.

वाहनांचा धूर कमी व्हावा म्हणून सरकारने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरंच काही केलं आहे. काही कामं खरोखर मोठी आहेत आणि त्यांची दखल आपण घेत नाही. काही अर्धवट आहेत. गंमत वाटेल, पण सामान्य माणसाचा हात जिथे पोहोचतो ते पीयूसीचं काम या सगळ्यात सर्वांत कच्चं आहे. ते का, हे समजायला आधी धुरात काय असतं ते पाहू.

धुरात काय असतं

घरातल्या गॅसची ज्योत निळी असली की भांड्याचं बूड स्वच्छ राहतं. बर्नर तुंबला, हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि बुडाला काजळी धरते. इंजिनातही हेच चालतं, फक्त मिनिटाला हजारो वेळा आणि बंद डब्यात. पेट्रोल किंवा डिझेल पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. थंडीत सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात ना, ते हेच पाणी. कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापते, पण रस्त्यावर श्वास घेताना आपल्याला त्रास देणारी मंडळी वेगळी आहेत.

पहिला, अर्धवट जळण्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावतो. दुसरे, न जळताच बाहेर पडलेले इंधनाचे अंश, म्हणजे हायड्रोकार्बन. नाकाला झोंबणारा पेट्रोलचा वास त्यांचाच, आणि त्यांतल्या बेंझिनसारख्या काहींनी कॅन्सर होतो.

तिसरा गट नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, ज्यांना 'नॉक्स' म्हणतात. हे इंधनातून येत नाहीत, हवेतूनच तयार होतात. हवेत चार भाग नायट्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असतो, आणि एरवी ते दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. इंजिनात प्रचंड तापमान झालं की त्यांचा संयोग होतो. इथे इंजिनिअरची खरी पंचाईत आहे. इंधन नीट जळावं म्हणून हवा वाढवली, तापमान वाढलं, तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी कमी होते, पण नॉक्स वाढतात. नॉक्स कमी करायला तापमान उतरवलं तर काजळी वाढते. डिझेल इंजिनाची सगळी गुंतागुंत या एका ओढाताणीत आहे. पुढे हेच नॉक्स उन्हात हायड्रोकार्बनशी मिसळतात आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो फुप्फुसांना जाळतो.

चौथे सूक्ष्म कण. डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर पीएम २.५ हे कण त्याच्या पंचवीस-तीस पटींनी बारीक. नाकातले केस, घशातला कफ, कशालाच ते अडत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात, आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. डिझेलच्या धुरात हे भरपूर असतात. आपल्या देशात वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत पीएम २.५ चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली.

आता कागद पुन्हा बघा. या चौघांपैकी पेट्रोल गाडीच्या पीयूसीत पहिले दोनच मोजले जातात.

आधी तेल सुधारलं

कोणत्याही इंजिनाला घाण तेल दिलं तर ते घाण धूरच सोडणार. म्हणून खरी सुरुवात पंपावरच्या नळीपासून झाली.

माझ्या तरुणपणी पेट्रोलमध्ये शिसं घालत. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटू नये, 'नॉकिंग' होऊ नये, हा त्याचा उपयोग. लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत असे आणि ते सगळं धुरावाटे आपल्याच रस्त्यांवर पडत असे. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं हे जगाला तोवर ठाऊक झालेलं होतं. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. फेब्रुवारी २००० मध्ये देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं. त्याची जयंती कुणी साजरी करत नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या शहरातल्या प्रत्येक मुलाच्या रक्ताशी त्या निर्णयाचा संबंध आहे.

या दोन गोष्टी एकत्र का आल्या तेही सांगते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला एक डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. तापलेला धूर त्यातून गेला की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन तिथे जळतं आणि नॉक्सचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. पण शिसं त्या थरावर बसलं की डबा कायमचा मेला. म्हणून शिसं गेल्याशिवाय हा डबा येणं शक्यच नव्हतं.

शिशानंतर पाळी गंधकाची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. हिशेब करून बघा: पन्नास लिटरची टाकी भरली की तिच्यात सुमारे चारशे ग्रॅम गंधक. जळून त्याचं सल्फर डायऑक्साइड आणि सल्फेटचे बारीक कण व्हायचे, उरलेलं कन्व्हर्टरला विष. मग मर्यादा पायरीपायरीने उतरत गेली: १०,००० पीपीएमवरून २,५००, मग ५००, ३५०, ५० आणि १ एप्रिल २०२० पासून १०. आज त्याच पन्नास लिटरच्या टाकीत अर्धा ग्रॅमही गंधक नसतं, चिमूटभर मीठ असावं तितकं. यासाठी देशातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना हजारो कोटी रुपये खर्चून नवी यंत्रं बसवावी लागली. पंपावर उभं राहून आपल्याला यातलं काही दिसत नाही.

हे सगळं कोणत्या क्रमाने, कोणत्या वर्षी करायचं याचा आराखडा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आखला. समिती २००१ ची, अहवाल २००२ चा आणि त्यावरून केंद्र सरकारने २००३ मध्ये वाहन-इंधन धोरण स्वीकारलं. तेल आणि इंजिन एकमेकांचा हात धरूनच पुढे जाऊ शकतात, ही त्यामागची समज आजवर टिकली आहे.

मग इंजिन

गाडी विकत घेताना 'बीएस-६ आहे' असं शोरूमवाला सांगतो. बीएस म्हणजे भारत स्टेज. कंपनीने नवी गाडी विकण्याआधी तिचा धूर प्रयोगशाळेत मोजून दाखवायचा, किलोमीटरमागे अमुक मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा हा नियम. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांना पहिल्यांदा अशी मर्यादा आली, २००० साली युरोपच्या धर्तीवरची मापं आली. बीएस-४ च्या डिझेल कारला किलोमीटरला २५० मिलिग्रॅम नॉक्स माफ होतं. बीएस-६ मध्ये ते ८० झालं. कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली.

मधल्या काळात एक चूक झाली आणि ती अनेक वर्षं भोवली. चांगलं तेल आणि चांगल्या गाड्या आधी मोठ्या शहरांत आणि नंतर उरलेल्या देशात, असं ठरलं. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ सुरू झालं तेव्हा त्या १३ शहरांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. सोलापूरची वेस ओलांडली की पंपावर बीएस-३ चं तेल. मालट्रक काही एका शहरात राहत नाही. तो देशभर फिरणार, मिळेल तिथे भरणार, म्हणून लांब पल्ल्याचे ट्रक बीएस-३ चेच विकले गेले आणि सगळ्यांत जास्त धूर सोडणारं वाहन सगळ्यांत मागे राहिलं. देशभर बीएस-४ यायला एप्रिल २०१७ उजाडला.

त्या मुहूर्ताची आठवण अनेकांना असेल. कंपन्यांकडे बीएस-३ च्या सव्वाआठ लाख न विकलेल्या गाड्या पडून होत्या. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १ एप्रिलपासून यांतली एकही विकायची नाही. मग दोन दिवस दुचाकीच्या शोरूमबाहेर झुंबड उडाली, सवलतींचे फलक लागले. माझ्या शेजारच्यांनी त्या दिवशी दोन गाड्या आणल्या. त्या अजून चालतात आणि अजून बीएस-३ चाच धूर सोडतात.

त्याआधी, जानेवारी २०१६ मध्ये, केंद्र सरकारने एक धाडसी निर्णय घेतला होता. बीएस-५ ही पायरी गाळून थेट बीएस-६ वर जायचं, तेही एप्रिल २०२० पर्यंत आणि साऱ्या देशात एकाच दिवशी. युरोपला या दोन पायऱ्या चढायला वर्षं लागली होती. कंपन्यांनी वेळ कमी असल्याची तक्रार केली, पण काम झालं. माझ्या मते वाहनांच्या धुराबाबत या देशात घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय.

यामुळे गाडीत काय बदललं? दुचाकीतून कार्बोरेटर गेला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा अंदाजाने मिसळणारा पेला. त्याच्या जागी सेन्सरच्या सांगण्यावरून मोजून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. डिझेल कारला काजळी अडवणारी गाळणी लागली, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच तापमान वाढवून आतली काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी थोडा वेळ सलग वेगात चालावं लागतं. रोज दोन किलोमीटर ऑफिसला आणि परत, एवढीच डिझेल गाडी चालवणाऱ्यांची गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा लागला म्हणून गाळणी काढून टाकायचा सल्ला देणारेही भेटतात. ऐकू नका. मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय ॲडब्लू नावाचं पाणीही भरावं लागतं. ते युरियाचं शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के द्रावण असतं. धुरावर फवारलं की नॉक्सचा नायट्रोजन होतो. शेतात टाकतो तोच युरिया, पण कितीतरी शुद्ध.

एक फट राहिली होती ती २०१५ साली उघडी पडली. फोक्सवॅगन कंपनीने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवलं होतं की प्रयोगशाळेत चाचणी सुरू आहे हे गाडीला कळावं, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ व्हावा. अमेरिकेत हे सापडलं. आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, वाहनांची तपासणी करणाऱ्या एआरएआय संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या, तर प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. त्या डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायचं जाहीर केलं. तेव्हापासून जगभर मागणी वाढली की धूर रस्त्यावरच मोजा. एप्रिल २०२३ पासून भारतातही नवी कार मंजूर होताना मोजयंत्र तिच्यावर बांधून ती खऱ्या रस्त्यावर, चढावर, गर्दीत चालवून बघतात.

न्यायालयाचा रेटा

सरकारने काय केलं हे सांगताना न्यायालयांना वगळलं तर चित्र खोटं होईल. १९८५ साली वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या खटल्यात २८ जुलै १९९८ ला आदेश निघाला: मार्च २००१ पर्यंत दिल्लीतल्या सगळ्या बस सीएनजीवर आणा. मुदत टळली, गॅस पंपांपुढे मैलभर रांगा लागल्या, दंड झाले, पण २००२ च्या डिसेंबरात शेवटची डिझेल सिटी बस रस्त्यावरून गेली. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या धुरात काजळी जवळपास नसते. नॉक्स मात्र असतात, त्यामुळे सीएनजी म्हणजे निर्धोक असं समजू नये.

मुंबईतही तसंच झालं. धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशी आणि नंतरचे आदेश यांमुळे काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. त्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती थांबली. माझ्या माहेरच्या माणसांना फार वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण दादरच्या पुलाखाली तिच्या मागे उभं राहिल्यावर डोळ्यांतून येणारं पाणीही मला आठवतं.

कागदाचं दुखणं

आता पुन्हा पीयूसी. नवी गाडी कितीही स्वच्छ असली तरी ती जुनी होते. फिल्टर तुंबतो, रिंगा झिजतात, गाडी ऑइल खाते, कन्व्हर्टर दमतो. रस्त्यावरची गाडी तपासायचं आपल्याकडे रोजच्या वापरातलं साधन म्हणजे हाच कागद. नव्या गाडीला पहिलं वर्ष तो लागत नाही. नंतर बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि पीयूसी नसल्यास दंड १,००० रुपयांवरून १०,००० पर्यंत गेला.

दंड मोठा, पण तपासणी लहान. पेट्रोल गाडीचा धूर ती नुसती उभी असताना मोजतात, म्हणजे इंजिनावर भार शून्य. नॉक्स मोजतच नाहीत, आणि भाराशिवाय ते फारसे तयारही होत नाहीत. डिझेल गाडीला जागेवरच ॲक्सिलरेटर दाबायला लावतात आणि धुरातून उजेड किती अडतो ते बघतात. त्यामुळे डोळ्यांना दिसणारा काळा धूर पकडला जातो. बारीक कण उजेड फारसे अडवत नाहीत, ते निसटतात. बीएस-६ डिझेलची तुंबलेली गाळणी कुणी काढून टाकली असेल, तर ते या तपासणीत हमखास कळेल याची खात्री नाही.

वर माणसांची ढिलाई. काही वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला मला एकाने सांगितलं होतं, "गाडी आणू नका, नंबरप्लेटचा फोटो पाठवा, कागद व्हॉट्सॲपवर येईल." मी नाही म्हटलं, पण माझ्यामागच्या रांगेतल्या दोघांनी हो म्हटलं. कागद आता सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळाशी जोडला गेला आहे, त्यावर क्यूआर कोड आणि गाडीचा फोटो असतो, त्यामुळे असे प्रकार अवघड झाले. तरी सळई सायलेन्सरमध्ये कितपत आत गेली हे फोटोत दिसत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा नूतनीकरणाला पीयूसी सक्तीची केली होती. पण अनेकांनी पीयूसीबरोबर विमाही सोडला आणि अपघातात सापडलेल्यांची भरपाई अडू लागली, म्हणून २०२४ मध्ये ती अट न्यायालयानेच काढली.

मला वाटतं, सरकारने सगळ्यांत आधी इथे पैसा आणि डोकं लावावं. रस्त्याकडेला बसवून जाणाऱ्या गाडीच्या धुरातून किरण सोडून क्षणात मोजणारी यंत्रं आहेत. कोलकात्यात ती वापरून पाहिली आहेत. शंभरातल्या मोजक्याच गाड्या बाकीच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणत असतात. त्या शोधायच्या तर चालत्या रस्त्यावरच शोधाव्या लागतील.

जुन्या गाड्या आणि गाड्यांची संख्या

जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली. खासगी गाडी मात्र वय झालं म्हणून आपोआप भंगारात जात नाही. पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी वाढवता येते. दिल्लीत वेगळं ठरलं. तिथे २०१४-१५ मध्ये हरित लवादाने दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी नको म्हटलं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मला वयाची पट्टी ढोबळ वाटते. जपून वापरलेली पंधरा वर्षांची गाडी, आणि पाच वर्षांत लाखो किलोमीटर हाणलेला, एकदाही सर्व्हिसिंग न केलेला टेम्पो, यांत धूर कोण जास्त सोडणार हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. यंत्राने होणारी फिटनेस तपासणी सगळीकडे नीट सुरू झाली तर वय बघायची गरजच कमी होईल.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ चा. त्यात देशातली सुमारे १३० शहरं आहेत, महाराष्ट्रातली १९. चांगला कार्यक्रम, पण त्याचं यश पीएम १० वरून मोजतात, म्हणजे जाडसर धुळीवरून. त्यामुळे निधीचा मोठा वाटा रस्ते झाडणाऱ्या आणि पाणी मारणाऱ्या गाड्यांवर जातो. वाहनांच्या धुरातले कण बारीक असतात, ते झाडूने जात नाहीत.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल लोक मला हमखास विचारतात, वीज कोळशाचीच ना? बरीचशी, हो. पण कोळसा शहराबाहेर जळतो आणि तुमच्या पुढची रिक्षा सिग्नलला धूर सोडत नाही, हा फरक रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसाच्या फुप्फुसासाठी मोठा आहे. टायर आणि ब्रेकची धूळ मात्र इलेक्ट्रिक गाडीलाही चुकत नाही. रिक्षा, डिलिव्हरीच्या दुचाक्या आणि बस या दिवसभर फिरतात, म्हणून अनुदान आधी त्यांच्याकडे जावं असं माझं मत. पुण्यात पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस फेब्रुवारी २०१९ पासून धावतात. मुंबईत तर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून राज्य सरकारने समिती नेमली, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून सीएनजी आणि विजेवर जाता येईल का हे तपासायला.

तरीही संख्येचं काय? एक गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी कमी धूर सोडते, पण गाड्याच वाढत चालल्या तर मिळवलेलं निम्मं हातचं जातं. गर्दी वाढली की वेग उतरतो, क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक होत राहतं आणि स्वच्छ इंजिनही जास्त इंधन खातं. यावर वेळेवर येणारी, चढायला जागा असणारी बस हाच उपाय मला दिसतो. पन्नास माणसं एका बसने गेली की रस्त्यावरच्या तीस-चाळीस गाड्या घरी राहतात. हे काम महापालिका आणि राज्य सरकारचं आहे, केंद्राच्या कोणत्याही बीएसने ते होणार नाही.

माझ्या स्कूटरचं सांगायचं राहिलं. ती २०१२ ची, बीएस-३, कार्बोरेटरवाली. ३.१ चा कागद घेऊन मी गल्लीतल्या गॅरेजात गेले. तिथला मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. त्याने कागदाकडे न बघता बाजूचं कव्हर उघडलं. "बाई, एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला?" मला आठवेना. त्याने फिल्टर काढून उन्हात धरला. कागदाच्या घड्यांतून पलीकडचा उजेड दिसत नव्हता. हवा जातच नाही, म्हणून पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि ज्योत पिवळी. त्याने नवा फिल्टर घातला, प्लग घासला, कार्बोरेटर खोलून धुतला आणि मिक्सचरचा स्क्रू इंजिनाचा आवाज ऐकत ऐकत पाव-पाव फेरा फिरवला. तीनशे चाळीस रुपये झाले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा व्हॅनपाशी गेले. मुलगा म्हणाला, "काकू, तुमची तारीख पाच महिने पुढे आहे." मी म्हटलं, "असू दे, मोज." आकडा ०.९ वर थांबला. त्याने सळई बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा ०.९. मग त्याने विचारलं काय केलं, आणि मी गॅरेजचं नाव सांगितलं. आता काठावर पास होणाऱ्या गाडीवाल्यांना तो कागदावरचा तो आकडा बोटाने दाखवतो आणि फिल्टर बदलायला सांगतो.